सहाव्या रात्रीचा पहारा

मूल जन्मल्यावर पाचव्या वा सहाव्या रात्री सटवीची पूजा करण्याचा प्रघात महाराष्ट्रात फार जुना आहे. पाट्यावर वरवंटा मांडून त्याची पूजा होते. कित्येक घरी शेजारी विळा किंवा कोयता ठेवतात, एक कोरा कागद आणि लेखणीही ठेवतात. कारण त्या रात्री सटवी येऊन बालकाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते अशी समजूत आहे. घरातील वडीलधाऱ्या बायका ती रात्र जागून काढतात. बारसे त्यानंतर, बाराव्या दिवशी. तोपर्यंत बालकाला नावदेखील नसते.

ह्या विधीचा धार्मिक अर्थ काहीही असो, त्याच्या मुळाशी एक कटू अनुभव असावा असे आम्हांस वाटते. नवजात बालकाचा धनुर्वात बहुधा चौथ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्याच्या आत आपले रूप दाखवितो. दोन-तीन दिवस नीट अंगावर पिणारे मूल एकाएकी स्तन धरीनासे होते, जबडा आवळतो, शरीर धनुष्यासारखे ताणले जाते, आणि बहुतेक वेळी सारे संपते. ज्या विळ्याने नाळ कापली, त्याच विळ्यावरून हा रोग बालकाच्या देहात शिरतो, हे आमच्या पणज्यांस ठाऊक नव्हते. परंतु संकट कोणत्या दिवसांत येते, हे त्यांनी अचूक हेरले होते. पहारा योग्य रात्री होता. शत्रू मात्र आधीच आत येऊन बसलेला असे.

आज जगभरातील वैद्यकशास्त्र निराळ्या शब्दांत तेच सांगते. पाच वर्षांच्या आत मरणाऱ्या बालकांपैकी जवळजवळ निम्मी बालके पहिल्या महिन्यातच जातात, आणि त्यांतील बहुसंख्य पहिल्या आठवड्यात. म्हणून बालमृत्यूचा प्रश्न हा पुष्कळ अंशी ह्या पहिल्या सात दिवसांचा प्रश्न आहे. तो सुटण्याचा इतिहास पाहावयाचा तर आजच्या चेन्नईसारखे, म्हणजे जुन्या मद्राससारखे, दुसरे शहर क्वचितच सापडेल. आणि नोकरीच्या निमित्ताने मुलखाबाहेर पडलेल्या मराठी माणसाला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. कारण त्यात आपलीही माणसे आहेत, आणि त्यांतील काही आपल्यासारखीच बदलीची माणसे आहेत.

तमिळ देशात मराठी सत्तेने ह्या विषयाला हात घातला तो तंजावर येथे. सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) ह्यांचे नाव आपण सरस्वतीमहाल ग्रंथालयामुळे घेतो. परंतु राजांनी धन्वंतरीमहाल नावाची संस्थाही चालविली होती. तेथे वैद्य व औषधे ह्यांची सोय होती आणि देशी-विदेशी उपचारांचा अभ्यास चाले. अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यांत बांधून ठेवण्यात आले. शरभेंद्राच्या, म्हणजे सरफोजीराजांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या वैद्यक ग्रंथांत गर्भिणी आणि बालरोग ह्यांच्या चिकित्सेलाही स्थान मिळाले. मराठी राजाने प्रजेच्या भाषेत बाळंतिणीचे वैद्यक लिहवून ठेवावे, ही गोष्ट भाषेच्या भांडणांत रमणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. तथापि हे ज्ञान वैद्यांपुरते राहिले. प्रत्यक्ष बाळंतपण सुईणीच्या, म्हणजे तमिळ 'मरुत्तुवच्ची'च्या हाती होते, आणि तिच्यापर्यंत ग्रंथ पोचत नसत.

१८४४ साली मद्रासमध्ये सरकारी सूतिकागृह सुरू झाले. देशातील अगदी जुन्या सूतिकागृहांत त्याची गणना होते. पुढे १८८० नंतरच्या वर्षांत ते एग्मोर भागातील पँथियन रस्त्यावर आले आणि आज तेथेच स्त्रिया व मुले ह्यांचे सरकारी रुग्णालय म्हणून उभे आहे. परंतु १८४४ चे सूतिकागृह म्हणजे सुरक्षिततेची हमी, असे समजण्याचे कारण नाही. व्हिएन्ना येथे इग्नाझ सेमेलवाइस ह्या वैद्याने प्रसूतीपूर्वी डॉक्टरांनी क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवावेत असा आग्रह धरला, तो १८४७ साली, म्हणजे मद्रासच्या सूतिकागृहानंतर तीन वर्षांनी. त्याचे म्हणणे मान्य होण्यास आणखी एक पिढी जावी लागली. धनुर्वाताचा जंतू शुद्ध रूपात वेगळा काढण्यात कितासातो ह्या जपानी शास्त्रज्ञास यश आले ते १८८९ साली. म्हणजे आरंभीची चार दशके सूतिकागृहापाशी इमारत होती, खाटा होत्या, शिकलेली माणसेही होती. नव्हते ते रोगाच्या कारणाचे ज्ञान. आणि ज्या घरांत सर्वाधिक बाळंतपणे होत, त्या घरांतील स्त्रिया तेथे येत नव्हत्या, कारण तपासणारे डॉक्टर पुरुष होते.

ह्याच काळात महाराष्ट्रातील एका घरात एक बालक जन्मले आणि दहा दिवसांनी गेले. त्याची आई चौदा वर्षांची होती. पिता गोपाळराव जोशी टपालखात्यात नोकरीस होते, आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांप्रमाणे त्यांच्याही वाट्यास बदल्यांचे आयुष्य आले होते. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशी गावे त्यांनी पत्नीसह पाहिली. ती पत्नी म्हणजे आनंदीबाई. आपले मूल योग्य उपचारांअभावी गेले ही जाणीव तिच्या मनातून पुसली गेली नाही, आणि वैद्यक शिकण्याचा तिचा निश्चय त्या दुःखातून दृढ झाला, असे तिचे चरित्र सांगते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. परदेशी कशासाठी जाता, हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय, ह्या प्रश्नाचे उत्तर देताना त्यांनी मद्रासचा उल्लेख केला. मद्रासला एक महाविद्यालय आहे आणि इतर इलाख्यांत सुईणपणाचे वर्ग आहेत. परंतु तेथील शिक्षण अपुरे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मद्रासचे नाव मराठी स्त्रीच्या वैद्यकीय शिक्षणाच्या चर्चेत येते ते असे, एक अपुरी राहिलेली शक्यता म्हणून. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही पुरे झाले नव्हते. ज्या विषयासाठी त्यांनी समुद्र ओलांडला, त्या विषयाचा व्यवसाय करण्यास त्यांना अवधी मिळाला नाही.

आनंदीबाईंनी ज्या महाविद्यालयाचा उल्लेख केला त्याची कथा अशी. मद्रास मेडिकल कॉलेज १८३५ साली स्थापन झाले. मेरी शार्लीब ही इंग्रज बॅरिस्टरची पत्नी १८६६ साली मद्रासला आली. पुरुष डॉक्टरांना न दाखविता प्रसूतीच्या वेदनांत मरणाऱ्या स्त्रियांच्या हकिकती ऐकून ती अस्वस्थ झाली आणि आधी सूतिकागृहात सुईणपण शिकली. तेवढ्याने भागेना म्हणून वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागितला. सर्जन-जनरल एडवर्ड बॅल्फोर ह्यांचा पाठिंबा होता. १८७५ साली तिच्यासह चार स्त्रियांना तेथे प्रवेश मिळाला. लंडन विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या त्या १८७८ साली. तेव्हा मद्रासचे पाऊल किती पुढचे होते ह्याची कल्पना येईल. शार्लीबबाई पुढे लंडनला जाऊन पदवी घेऊन परतल्या, आणि १८८५ साली गोषातील व उच्चवर्णीय स्त्रियांसाठी केवळ स्त्री-डॉक्टरांनी चालविलेले रुग्णालय मद्रासमध्ये उघडले गेले. तिरुवल्लिक्केणी भागातील आजचे कस्तुरबा गांधी रुग्णालय ते हेच. त्याच वर्षी लेडी डफरिन ह्यांच्या नावाचा निधी स्थापन झाला. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ चे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. स्त्री-डॉक्टर आल्या, रुग्णालये झाली, जंतूंचे ज्ञान झाले. मग बालके वाचू लागली काय? थोडी वाचू लागली. रुग्णालयात येणारी. परंतु शहरातील बहुतेक बाळंतपणे घरीच होत, आणि खेड्यांत तर रुग्णालयाचे नावही नव्हते. सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली जो अहवाल दिला, त्यात १९३७ सालचा ब्रिटिश हिंदुस्थानातील बालमृत्यूचा आकडा दर हजार जन्मांमागे १६२ असा दिला आहे. त्याच वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये तो ५८ होता. मद्रासचे सूतिकागृह तेव्हा नव्वदी ओलांडून गेले होते.

ह्या भोर साहेबांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. त्यांचा जन्म १८७८ साली नाशिकचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. आणि सनदी नोकरीतील पहिली वर्षे गेली ती मद्रास इलाख्यात. पुढे ते कोचीन संस्थानाचे दिवाण झाले आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर गेले. नाशिकहून मद्रासच्या चाकरीत गेलेला हा माणूस वैद्य नव्हता; कारभारी होता. आणि त्याच्या समितीचे मोठेपण नेमके कारभारी दृष्टीत आहे. रोग्याने पैसे देऊ न शकणे हे त्याला उपचार न मिळण्याचे कारण होता कामा नये, आणि आरोग्यसेवा खेड्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी, हे त्या अहवालाचे सूत्र. गर्भवती आणि अर्भक ह्यांच्या सेवेस त्यात विशेष स्थान होते. त्या समितीवर मद्रासचे डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार होते.

मुदलियार स्वतः जुळ्यांपैकी एक. १८८७ साली जन्मलेल्या ह्या जुळ्यांतील दुसरे म्हणजे राजकारणात गाजलेले सर रामस्वामी मुदलियार. जुळी बालके बहुधा कमी वजनाची, म्हणून अधिक धोक्यातली. त्या काळात दोघेही जगले आणि दोघेही थोर झाले, हा योग विरळा म्हणावयाचा. लक्ष्मणस्वामी एग्मोरच्या सूतिकागृहाचे पहिले हिंदी अधीक्षक झाले. त्यांचा प्रसूतिशास्त्रावरील ग्रंथ १९३८ साली निघाला आणि देशभरातील विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. त्यांच्याही आधी, १९१२ साली, पुदुक्कोट्टैच्या मुथुलक्ष्मी रेड्डी मद्रास मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. सरकारी प्रसूती रुग्णालयात निवासी शल्यवैद्य म्हणून काम करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९२७ साली त्या मद्रासच्या विधिमंडळात गेल्या आणि बालविवाहाविरुद्ध लढल्या. बालविवाहाचा नवजात बालकांशी संबंध काय, असे विचारणाऱ्याने चौदाव्या वर्षी आई झालेल्या आनंदीबाईंचे स्मरण करावे. आईचे शरीर पुरे वाढण्यापूर्वी जन्मणारे मूल अशक्त आणि अपुऱ्या दिवसांचे असण्याचा संभव फार.

इथवर जे सांगितले ते डॉक्टरांविषयी. आता कारकुनांविषयी सांगावयाचे आहे, आणि आमच्या मते मद्रासच्या यशाचे खरे मर्म तेथेच आहे. जन्म-मृत्यूच्या नोंदीचा कायदा मद्रास इलाख्यात १८९९ साली झाला. १९३९ साली मद्रासचा सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला. देशात अशा प्रकारचा तो पहिलाच. त्यात माता आणि बालक ह्यांच्या कल्याणाची तरतूद करणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरविले गेले. सार्वजनिक आरोग्याचे खाते रुग्णालयांच्या खात्याहून निराळे ठेवण्याची मद्रासची परंपरा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. इतर बहुतेक प्रांतांत ही दोन खाती एकवटली आणि रुग्णालयाच्या निकडीपुढे गावातील नोंदवहीला कोणी विचारीना. मद्रासमध्ये मात्र एक अधिकारी असा राहिला की, ज्याचे काम रोगी बरा करणे हे नसून गावात कोण जन्मले, कोण मेले आणि कशाने मेले, हे पाहणे हे होते.

ह्याचे फळ पुढे मिळाले. सुमारे पाच हजार वस्तीमागे एक ग्राम-आरोग्य-परिचारिका नेमली गेली. गर्भवतीची नोंद करणे, तिला धनुर्वाताची लस टोचणे, बाळंतपणानंतर घरी जाऊन आईला व मुलाला पाहणे हे तिचे काम. आईला टोचलेली लस बालकाच्याही उपयोगी पडते. विळा कितीही गंजलेला असो, बालक जन्मतःच काही संरक्षण घेऊन येते. ह्याच्या जोडीला स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा, स्वच्छ हात. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात ह्यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. तो एकूण एक नाहीसा झाला असा ह्याचा अर्थ नव्हे. कोणत्याही जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहूनही कमी बालकास तो होतो, एवढाच अर्थ. परंतु ज्या रोगाने सहाव्या रात्रीचे भय निर्माण केले असावे, त्याची ही अवस्था झाली, ही सामान्य घटना नव्हे. ती फारशी कोणी साजरी केली नाही.

१९८७ साली तमिळनाडू सरकारने गरीब गर्भवती स्त्रियांना रोख साहाय्य देण्याची योजना काढली आणि तिला मुथुलक्ष्मी रेड्डी ह्यांचे नाव दिले. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाळीने परिचारिका नेमून ती चोवीस तास उघडी ठेवण्यात आली. १९९० च्या दशकापासून प्रत्येक बाळंतिणीच्या मृत्यूची चौकशी होऊ लागली. राज्यातील सुमारे साडेनव्याण्णव टक्के बाळंतपणे आता दवाखान्यात होतात, असे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. २०२० सालच्या नमुना नोंदणीप्रमाणे पहिल्या महिन्यात मरणाऱ्या बालकांचे प्रमाण देशात हजारी २०, महाराष्ट्रात ११ आणि तमिळनाडूत ९ होते. केरळात ते ४ होते. तेव्हा मद्रासकरांनीही संतुष्ट राहण्याचे कारण नाही.

शास्त्राच्या क्षेत्रातही ह्या शहराचा आणि आपला धागा जुळलेला आहे. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत नाव मिळविलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर ह्यांनी, ज्या स्त्रियांचा गर्भ मध्येच गळून पडतो त्यांच्या गर्भाशयाच्या मुखास टाका घालून तो टिकविण्याची शस्त्रक्रिया शोधून काढली. 'शिरोडकर टाका' ह्या नावाने ती जगभर ओळखली जाते. ह्या शोधाची माहिती त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केली ती 'अँटिसेप्टिक' नावाच्या मासिकात, आणि हे मासिक मद्रासचे. मुंबईच्या प्रसूतितज्ज्ञाचा जगप्रसिद्ध लेख मद्रासच्या मासिकात यावा, हे त्या काळच्या विद्येच्या व्यवहाराचे चांगले गमक आहे. क्षयाची जी लस आज आपल्या देशात बालकास जन्मतःच टोचली जाते, तिच्या निर्मितीची सरकारी प्रयोगशाळाही १९४८ साली मद्रासच्या गिंडी भागात निघाली.

महाराष्ट्राने ह्या कामात काय केले, हे सांगितल्याशिवाय लेख एकांगी होईल. मुंबईच्या शीव येथील रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांच्या प्रयत्नाने १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ज्या अशक्त बालकास स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नाही, त्याला दुसऱ्या आयांनी दिलेले दूध निर्जंतुक करून पाजण्याची ही सोय. आशियातील अशी ती पहिली संस्था मानली जाते. त्याहूनही दूरवर पोचलेले काम गडचिरोलीचे. तेथे डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग ह्यांनी एकोणचाळीस गावांत, त्या त्या गावच्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकाची काळजी घेण्यास शिकविले. बालकाला कोरडे करून ऊब देणे, वजन करणे, श्वास अडला तर तो चालू करणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि वेळ आल्यास इंजेक्शन देणे, एवढे शिक्षण. पहिल्या महिन्यातील मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ होते, ते थोड्याच वर्षांत २५ च्या आसपास आले. १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकाने हे संशोधन छापले, आणि २०११ पासून 'आशा' कार्यकर्तीने नवजात बालकाच्या घरी ठरलेल्या दिवशी जावे, असा नियम देशभर झाला. दवाखान्यात जन्मलेल्या बालकाकडे तिच्या सहा भेटी होतात. त्यांतील पहिली तिसऱ्या दिवशी आणि दुसरी सातव्या दिवशी. सहावी रात्र त्या दोहोंच्या मध्ये येते, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

परंतु गडचिरोलीच्या कामाचा पाया कोणता होता? उपचारांच्या आधी तेथे मोजणी झाली. प्रत्येक गावातील प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू स्वतंत्रपणे नोंदला गेला. त्यातून निघालेला निष्कर्ष अप्रिय होता. २००१ साली 'कोवळी पानगळ' ह्या नावाने जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्याने महाराष्ट्रातील बालमृत्यू सरकारी कागदावर दिसतात त्याहून कितीतरी अधिक असल्याचे दाखवून दिले. पुष्कळ गदारोळ झाला. बालके लपविली कोणी? बहुधा कोणी दुष्ट हेतूने नव्हे. जे मूल तासभर जगून गेले, त्याला 'मेलेलेच जन्मले' म्हणणे घरच्यांना सोपे जाते आणि लिहिणाऱ्यालाही. दोन नोंदी करण्याऐवजी एक करावी लागते, किंवा एकही करावी लागत नाही. चौकशी होत नाही, वरिष्ठांचा मेमो येत नाही.

कायदा ह्याबाबत स्पष्ट आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जे बालक जिवंत जन्मले, मग ते एकच श्वास घेऊन गेले असो, त्याचा जन्म वेगळा नोंदवावा लागतो आणि मृत्यू वेगळा. आणि ठरावीक मुदत एकवीस दिवसांची आहे. हा केवळ कागदी नियम नव्हे. मेलेले जन्मलेले मूल आणि जन्मून मेलेले मूल ह्यांची कारणे पुष्कळदा निराळी, म्हणून उपायही निराळे. पहिल्याची कारणे गर्भारपणात आणि प्रसूतीच्या कळांच्या वेळी शोधावी लागतात. दुसऱ्याची पुष्कळदा जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात, पहिल्या रात्रीच्या गारव्यात, पहिल्या आठवड्याच्या निष्काळजीपणात सापडतात. नोंद चुकली की कारण चुकते, कारण चुकले की पैसा भलत्या ठिकाणी खर्च होतो, आणि पुढच्या वर्षी त्याच गावात तेच घडते.

मद्रासपुढे आज निराळा प्रश्न आहे. वर सांगितलेल्या पाहणीप्रमाणे तमिळनाडूत शेकडा सुमारे ४५ बाळंतपणे पोट चिरून होतात, आणि खासगी रुग्णालयांत हे प्रमाण त्याहूनही पुष्कळ अधिक आहे. ज्या शस्त्रक्रियेने असंख्य माता व बालके वाचविली, तीच सोयीसाठी आणि मुहूर्तासाठी होऊ लागली, तर पुऱ्या दिवसांआधी बाहेर काढलेल्या बालकाच्या फुप्फुसांना त्याची किंमत द्यावी लागते. जुन्या काळी प्राक्तन सटवीने लिहावे अशी समजूत होती. आता जन्मवेळ आपणच लिहू पाहतो. दोन्हींत बालकाची इच्छा कोणी विचारीत नाही.

आमचे वाचक बहुतेक सरकारी चाकरीतले आहेत. कोणी टपालात, कोणी रेल्वेत, कोणी हिशेबखात्यात, कोणी जिल्ह्याच्या कारभारात. पत्नी, सून किंवा मुलगी बाळंत होते ती कित्येकदा परक्या गावी, जेथे जाग्रणाला आत्या-मावशी नसतात. अशा वेळी परमुलखातील परिचारिका हीच माहेरची माणूस होते. तिची भाषा आपल्याला येत नसेल, पण तिसऱ्या दिवशी ती दार वाजवील तेव्हा 'सगळे ठीक आहे' म्हणून तिला उंबऱ्यावरून परत पाठवू नये. मूल नीट पीत आहे काय, अंग थंड पडते काय, श्वास जलद चालतो काय, हे तिला पाहू द्यावे. आणि ज्यांच्या टेबलावर नोंदीची कागदपत्रे येतात, त्यांनी तासभर जगलेल्या बालकाचा रकाना रिकामा सोडू नये. आनंदीबाईंचे बालक दहा दिवस जगले, आणि त्याची कोणी आठवण ठेवली म्हणून आपल्याला एक डॉक्टर मिळाली. ज्यांची आठवण कोणी ठेवीत नाही, त्यांच्यासाठी सरकारने नोंदवही ठेवली आहे. ती भरण्याचे काम आपल्याकडे आहे.